कंपासपेटी आणि गोऱ्याची कबर



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावर आला तेव्हा मी ‘पाहू’ म्हणून वेळ मारून नेली होती. शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार: प्रार्थना, मधल्या सुटीतली बोरं, पावसात गळणारा वर्ग. मला लिहायचे आहे ते इतिहासावर. पण त्या इतिहासात माझी एक लबाडी अडकून बसली आहे. ती चाळीस वर्षांनी कबूल करायची तर आधी एका माणसाची ओळख करून द्यावी लागेल. हा माणूस दोनशे वर्षांपासून आपल्या हिंगणघाटात मुक्कामाला आहे.

आपल्याला ‘गोऱ्याची कबर’ आठवत असेल. शाळा सुटल्यावर तिथे दप्तरे टाकून आपण क्रिकेट खेळायचो. कोण गोरा, कुठला गोरा, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. त्याचे नाव मला कळले ते सातासमुद्रापार, आणि तेही एका खेळामुळे.

२०१४ ते २०१७ मी कामानिमित्त इंग्लंडमध्ये लीड्सला होतो. मुलगी तेव्हा बारा वर्षांची. तिला शाळेतून जिओकॅशिंगचा नाद लागला. हा खेळ थोडक्यात असा: कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीने तो शोधायचा. डब्यात एक लहानशी वही असते, तिच्यात नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. त्या डब्याला कॅश म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, आत रोकड असणार! आत असतात गोट्या, बिल्ले, किल्ल्यांच्या साखळ्या. एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, हा शिरस्ता.

खेळाची जन्मतारीखही पक्की ठाऊक आहे. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सर्वसामान्यांना मिळणाऱ्या जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. २ मे २००० रोजी ही चूक काढून टाकली गेली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तीन दिवसांत ती दोघांना सापडलीही. आज जगभर असे लाखो डबे आहेत.

इंग्लंडात जुन्या चर्चच्या आणि दफनभूमीच्या आसपास असे डबे पुष्कळ. मात्र त्यांचे नियम कडक आहेत. डबा जमिनीत पुरायचा नाही, खाण्याची वस्तू ठेवायची नाही, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची. कबरीवर तर डबा ठेवायचाच नाही. फार तर कबरीच्या दगडावरची जन्म-मृत्यूची साले वाचायची, त्यांची बेरीज-वजाबाकी करायची आणि त्यातून येणाऱ्या आकड्यांवरून पुढची, थोड्या अंतरावरची जागा काढायची. म्हणजे डबा हवा असेल तर आधी त्या विस्मृतीत गेलेल्या माणसाचे नाव वाचावेच लागते. मला ही युक्ती फार आवडली.

एका रविवारी नॉर्थॲलर्टन या गावाजवळ आम्ही बापलेक असेच एका कुंपणापाशी घुटमळत होतो. एक वयस्कर गृहस्थ भेटले, तेही डबाच शोधत होते. गप्पा निघाल्या. कुठले, म्हणून विचारले. मी सवयीने ‘नागपूरजवळचा’ म्हणालो. आपले गाव परक्याला सांगून कळत नाही, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. त्यांनी पुन्हा विचारले, जवळ म्हणजे नेमके कुठले? मी म्हणालो, “हिंगणघाट.” ते थबकले आणि म्हणाले, “लॅम्बटनचे हिंगणघाट?”

हे गृहस्थ निवृत्त भूमापक होते. विल्यम लॅम्बटन तिथून जवळच, क्रॉस्बी ग्रेंज इथे, एका साध्या घरात जन्मला. तो हिंगणघाटला वारला आणि तिथेच पुरला गेला, हे त्यांना पाठ होते. त्यांनी मला विचारले, “कबर कशा स्थितीत आहे?” मी त्या कबरीजवळ शेकडो वेळा चेंडू आणायला गेलो होतो आणि मला उत्तर देता आले नाही. मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. जे वाचले त्यातले महत्त्वाचे तेवढे सांगतो.

लॅम्बटन सैन्यात होता, पण त्याचा जीव गणितात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला तो कैद झाला. सुटल्यावर कॅनडात न्यू ब्रन्सविकला दहाहून अधिक वर्षे त्याने बराकींच्या कारभाराची नोकरी केली आणि उरलेल्या वेळात गणित व खगोल यांचा अभ्यास. सूर्यग्रहण उघड्या डोळ्याने पाहण्याच्या नादात एका डोळ्याची दृष्टी अधू झाली. हिंदुस्थानात तो आला तेव्हा वय चाळिशीपलीकडचे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री त्याची तुकडी अंधारात उलट दिशेने, थेट टिपूच्या फौजेकडे निघाली होती. लॅम्बटनने आकाशातल्या ताऱ्यांवरून ते ओळखले आणि सेनापतीला सावध केले.

टिपू पडल्यावर त्याने कंपनी सरकारपुढे एक योजना मांडली: द्वीपकल्प मोजायचे. नुसते रस्ते आणि गावे नव्हे, पृथ्वीची वक्रता धरून, एकेका ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नक्की करत. रीत आपण नववीत शिकलो तीच. जमिनीवर एक रेषा अतिशय काळजीने मोजायची, ती आधाररेषा. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. मग त्यांतल्या एका बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर त्यापुढचा.

पहिली आधाररेषा १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासला सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी सुरू झाली. लांबी सुमारे साडेसात मैल, साधन शंभर फुटांची पोलादी साखळी. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेली होती, त्याने ती घेतली नाही, आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात आली. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी तापमापक ठेवायचे आणि प्रत्येक मापाला तापमानाची दुरुस्ती करायची. अशी सुमारे चारशे मापे. सत्तावन्न दिवस लागले. दोन वर्षांनी बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा मोजली. तिची लांबी आधी त्रिकोणांच्या गणितातून काढली होती. प्रत्यक्ष मोजणी आणि गणित यांच्यात फरक पडला तो चार इंचांहूनही कमी. मद्रास ते मंगळूर असा द्वीपकल्पाचा आडवा छेद घेतल्यावर कळले की, जुन्या नकाशांनी देशाची रुंदी चाळीस मैलांनी फुगवून ठेवली होती. चारशे मैल समजत होते, ती निघाली तीनशे साठ.

कोन मोजायचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा. लंडनहून येताना फ्रेंचांनी तो पकडून मॉरिशसला नेला, आणि शास्त्राचे उपकरण म्हणून सन्मानाने मद्रासला परत पाठवला. १८०८ मध्ये तंजावरला तो बृहदीश्वराच्या मंदिरावर चढवत होते. तेव्हा तंजावरच्या गादीवर आपले सरफोजीराजे भोसले होते, आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर पाचच वर्षांपूर्वी त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला होता. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याची वर्तुळाकार पट्टी वाकली. दुसरे यंत्र मागवायचे तर वर्षे गेली असती. वाकल्या पट्टीवरचे कोन लिहून मोकळे होणे सोपे होते, कोणाला कळलेही नसते. लॅम्बटन तंबूत शिरला आणि सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि लाकडी हातोडीने ती पट्टी केसाकेसाने जागेवर आणत बसला. वाचताना मी इथे थांबलो. का, ते पुढे येईलच.

कन्याकुमारीकडून उत्तरेला, अठ्ठ्याहत्तराव्या रेखावृत्ताच्या आसपास, ही त्रिकोणांची माळ वीस वर्षे सरकत राहिली. १८१८ मध्ये मदतीला एक तरुण अधिकारी आला, जॉर्ज एव्हरेस्ट. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवत असताना सत्तरीच्या लॅम्बटनची प्रकृती वाटेतच ढासळली आणि नागपूर पाऊणशे किलोमीटरवर राहिले असताना हिंगणघाटात त्याचा अंत झाला. आज ज्या हैदराबाद–नागपूर महामार्गावर आपण चहा प्यायला उतरतो, तीच ही वाट. पुढचे काम एव्हरेस्टने १८४१ मध्ये हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. त्याच पायावर पुढच्या गणितज्ञांनी, ज्यांत राधानाथ सिकदार होते, शिखर क्रमांक १५ ची उंची काढली: १८५६ मध्ये जाहीर झाली ती २९,००२ फूट. १८६५ मध्ये शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. ज्याने पाया घातला त्याच्या नावाचा साधा टेकाडही मला माहीत नाही.

आपण त्याला विसरलो यात आपलाच सगळा दोष, असेही नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसल्यांचे राज्य कंपनीच्या मुठीत गेले होते. कंपनीच्या अंमलदाराची कबर गावाने जिव्हाळ्याने का सांभाळावी? नकाशा झाला की पाठोपाठ महसूल आणि पलटण येते, हे लोकांना पुस्तक न वाचता कळत होते. शिवाय त्या माळेचा प्रत्येक कोन एकट्या लॅम्बटनचा नव्हे. साखळीवाले, झेंडेवाले, यंत्र खांद्यावर वाहणारे खलाशी, जंगलतापाने वाटेत मेलेले कितीतरी. त्यांच्या तर कबरीही नाहीत. मला लॅम्बटनची आरती करायची नाही. पण माणसाने आयुष्यभर प्रत्येक गाव नेमके कुठे आहे ते सांगितले आणि तो स्वतः कुठे आहे हे त्याच्या शेजारी खेळणाऱ्या पोरांना माहीत नसावे, हे मनाला लागते.

आणि आता ती लबाडी.

खरे तर आपल्याला माहीत नव्हते, हे खोटे आहे. आपल्याला सांगितले गेले होते. भूगोलाच्या सरांनी नववीत, दिवाळीनंतर, सगळा वर्ग वणेच्या काठावर नेला होता. तीस मीटरचा दोर, फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक आणि पलीकडच्या काठावरची एक बाभूळ. सहा गट पाडले. दोराची आधाररेषा, दोन्ही टोकांवरून बाभळीचे कोन, मग वहीत प्रमाणात आकृती काढून नदीची रुंदी काढायची. परतताना सर आपल्याला गोऱ्याच्या कबरीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, “तुम्ही आज जे केलं ते या माणसानं अख्ख्या देशावर केलं.” नावही सांगितले असेल. आपल्याला भूक लागली होती, मागच्या रांगेत हसाहशी चालली होती. मी त्या मागच्या रांगेत होतो.

माझ्या गटाने त्या दिवशी एकही कोन मोजला नाही. आम्ही बोरे खात बसलो. शेवटी मी शेजारच्या दोन गटांच्या वह्यांत डोकावलो आणि दोघांच्या मधले आकडे आमच्या वहीत टाकले. साहजिकच आमचे उत्तर वर्गाच्या सरासरीच्या सर्वांत जवळ आले: ६२ मीटर. सरांनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली, ‘काळजीपूर्वक मोजमाप’ म्हणून स्वतःच्या पैशांतून पत्र्याची कंपासपेटी बक्षीस दिली आणि भूगोलाच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर गावाचा जो नकाशा रंगवून घेतला, त्यात नदीवर लिहिले: रुंदी ६२ मीटर. तो नकाशा त्या भिंतीवर कित्येक वर्षे होता. आपल्यामागच्या किती तुकड्यांनी तो वाचला असेल! मी वर्षभर त्या भिंतीकडे न पाहता वर्गात जायचो.

गेल्या जानेवारीत गावी आलो. कबर शोधायला निघालो तेव्हा बरोबर फोन होता आणि जुन्या, १:५०,००० प्रमाणाच्या सर्वेक्षण विभागाच्या नकाशाची एक प्रत होती. सर असाच नकाशा वर्गात टांगायचे. तेव्हा असे नकाशे सहज मिळत नसत. २०२१ च्या नव्या धोरणाने ती बंधने बरीच सैल केली. जुन्या नकाशावरून शाळेचे अक्षांश-रेखांश काढून फोनमध्ये टाकले, तर फोन शाळेपासून शंभरावर मीटर दूर नेऊ लागला. चूक कोणाचीच नव्हती. जुने नकाशे पृथ्वीचा जो आकार धरून केले त्याला एव्हरेस्टचे नाव आहे, आणि तो आकार ठरवताना लॅम्बटनची त्रिकोणांची माळही हिशेबात होती. जीपीएस वेगळा, अलीकडे ठरवलेला आकार धरतो. जीपीएसची रीतही उलटी आहे. लॅम्बटन कोन मोजून अंतर काढायचा. फोन निदान चार उपग्रहांपासूनची अंतरे, संकेताला लागलेल्या वेळावरून, काढतो आणि त्यातून जागा ठरवतो.

कबर सापडली. नेमकी कुठे, ते इथे मुद्दाम लिहीत नाही. मी वाकून पाहत असताना एक म्हातारेबुवा थांबले. “काय शोधून रायले भाऊ?” म्हटले, ही कबर कोणाची, माहीत आहे का? “साहेबाची हाये म्हनतेत. लय जुनी हाये.” आणि मग म्हणाले, “तुमच्या कोनाची हाये का?” मी नाही म्हणालो. पुढे गेल्यावर वाटले, हो म्हणायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी आपल्या तुकडीतल्या एका मित्राला घेऊन वणेवर गेलो. तीस मीटरचा दोर नेला. फोन खिशातच ठेवला. दोन्ही टोकांवरून तीन-तीनदा कोन घेतले, मित्राने लिहिले, मी पुन्हा तपासले. बाभूळ नाही, पलीकडचा विजेचा खांब धरला. उत्तर आले ५५ मीटर. आता सांगा, आमचे ६२ किती चुकीचे होते? ते कळणारच नाही. काठ बदलला, वाळू गेली, पाणी आटले. बाकीच्या पाच गटांच्या वह्या रद्दीत गेल्या. १९८३ च्या हिवाळ्यात आपली नदी किती रुंद होती, ते मोजायची एकच वेळ होती, आणि माझ्या वाट्याचे मोजमाप मी बोरांवर घालवले. लॅम्बटनच्या त्या सहा आठवड्यांचा अर्थ मला तेव्हा कळला. वाकल्या पट्टीवरचा कोन पुढच्या प्रत्येक त्रिकोणात उतरतो.

सर, हे तुम्ही वाचाल म्हणून लिहिले. समोर येऊन सांगायची हिंमत चाळीस वर्षांत झाली नाही.

ती कंपासपेटी अजून माझ्याजवळ होती. आता ती हिंगणघाटात आहे. कबरीपासून साधारण दोनशे पावलांवर आपल्याच एका वर्गमित्राचे आवार आहे. त्याच्या परवानगीने, पाणी शिरू नये म्हणून प्लास्टिकच्या डब्यात घालून, मी ती तिथे ठेवली आहे. काही पुरलेले नाही, कबरीला हात लावलेला नाही. आत एक वही आहे, एक पेन्सिल आहे, आणि त्या दिवशीचे सहाही कोन लिहिलेला कागद आहे, म्हणजे कोणालाही आमचे ५५ तपासता येईल. जागेचे आकडे स्नेहसंमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर मिळतील. ते थेट डब्याचे नाहीत, कबरीचे आहेत. तिथे पोहोचल्यावर आवाराचा मालक पुढची खूण सांगेल. पण आधी तुम्ही त्याला कबरीतल्या माणसाचे नाव सांगायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापासून निघू. ऊन चढायच्या आत परत येऊ. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी रिक्षा सांगितली आहे. सर, तुमच्यासाठीही. वहीच्या पहिल्या पानावरची पहिली ओळ मी रिकामी ठेवली आहे, ती तुमची. माझे नाव दुसऱ्या ओळीवर आहे, कालच्या नव्हे, खऱ्या मोजणीच्या तारखेसह.

आपला,
एक माजी विद्यार्थी
(दहावी, मार्च १९८५)